दिदिए देशाँ खेळाडू म्हणून नेमका काय करायचा? हायलाइट्समध्ये तर दिसतच नाही

निळा_शर्ट

मंडळी एक प्रश्न आहे, बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मी फुटबॉल सिरियसली बघायला लागलो २०१८ च्या वर्ल्ड कपपासून, म्हणजे माझ्यासाठी देशाँ म्हणजे साइडलाइनला सूट घालून उभा असलेला फ्रान्सचा कोच, बास. परवा सहज १९९८ च्या फायनलचे हायलाइट्स लावले, फ्रान्स ३ ब्राझील ०, झिदानचे दोन हेडर, शेवटी इमॅन्युएल पेटीचा गोल, आणि मग एकदम हा माणूस कप उचलताना दिसतो. कॅप्टन! पण त्याआधीच्या अख्ख्या क्लिपमध्ये मला तो एकदाही धड दिसला नाही. गोल नाही, पास नाही, काहीच नाही. मग १९९३ ची चॅम्पियन्स लीग फायनल शोधली, तिथेही तेच, गोल बाझिल बोलीचा आणि कप उचलतोय देशाँ.

तर ज्यांनी त्याला खेळताना बघितलंय त्यांनी सांगा, हा माणूस मैदानावर करायचा काय? आणि कोच म्हणून तो खरंच भारी आहे की झिदान-एम्बापेसारखी माणसं आजूबाजूला असल्यामुळे सगळं जमत गेलं? वाद घालायला विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

जुनी_मॅच

प्रश्न आवडला भावा, कारण तू जे बघितलंस तेच त्याचं उत्तर आहे. तो हायलाइट्समध्ये नसायचाच. फ्रान्ससाठी १०३ मॅच आणि गोल फक्त ४. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, उंचीने लहान, स्पीड बेताचा, शॉट काही खास नाही. पण समोरच्याचा बॉल हिसकावायचा, दोन पावलांवरच्या आपल्या माणसाला साधा पास द्यायचा आणि लगेच पुढची मोकळी जागा भरायला पळायचं, हे तो ९० मिनिटं न चुकता करायचा आणि सोबत तोंडाने सारखं दुसऱ्यांना जागा दाखवत राहायचा.

१९९६ मध्ये एरिक काँतोना त्याला 'पाणक्या' म्हणाला होता, म्हणजे दुसऱ्यांसाठी पाणी वाहून आणणारा. टोमणाच होता तो. त्यामागचं प्रकरण माहीत असायला हवं, काँतोना आधी फ्रान्सचा कॅप्टन होता, १९९५ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये प्रेक्षकाला लाथ मारल्यामुळे त्याच्यावर बंदी आली, मग फ्रान्सचा तेव्हाचा कोच एमे जाकेने त्याला परत टीममध्ये घेतलंच नाही आणि १९९६ मध्ये कॅप्टनचा पट्टा देशाँकडे आला. तो शब्द देशाँला आयुष्यभर चिकटला. पण मला विचारशील तर त्या माणसाचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कोणी केलेलं नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. जाकेच्या त्या टीममध्ये झिदानच्या मागे तिघं उभे असायचे, देशाँ, पेटी, कारंबो. ती तिघं पळायची म्हणून झिदानला मागे धावत यावं लागायचं नाही.

थोडं मागून सांगतो. जन्म १९६८, बायोन, म्हणजे फ्रान्सचा बास्क भाग, तिकडे रग्बीचं वेड. तिथून पोरवयातच नाँतच्या ॲकॅडमीत गेला. नाँत म्हणजे त्या काळी फ्रान्समधली पासिंगची शाळाच, बॉल यायच्या आधी पुढचा पास ठरलेला पाहिजे असा तिथला खाक्या. मार्सेल देसायी पण तिथलाच, दोघं पोरवयापासूनचे जिगरी दोस्त. १९८५ मध्ये सतराव्या वर्षाच्या आतच पहिल्या टीमकडून खेळला. १९८९ मध्ये मार्सेयला गेला, मधे एक सीझन बोर्दोला लोनवर, परत आला आणि कॅप्टन झाला. २६ मे १९९३, म्युनिक, मिलानला १-० हरवलं, तेव्हा वय २४, युरोपियन कप उचलणारा सगळ्यात तरुण कॅप्टन.

पुढे मात्र वाईट झालं. त्या फायनलच्या आधी व्हॅलेन्सिएनबरोबरच्या लीग मॅचमध्ये समोरच्या प्लेअर्सना क्लबकडून पैसे दिल्याचं बाहेर आलं, मार्सेयचं त्या वर्षीचं लीग टायटल काढून घेतलं, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला, अध्यक्ष बर्नार तापी जेलमध्ये. युरोपियन कप तेवढा राहिला.

मग इटलीत युव्हेंटस. पाच वर्षं, तीन सेरी आ (तिथली लीग), १९९६ ची चॅम्पियन्स लीग, आणि १९९७, १९९८ च्या फायनल हरले. सलग तीन फायनल! तिथे त्याच्यासोबत झिदान १९९६ पासून होता, म्हणजे फ्रान्सच्या टीममधली ती जोडी रोज क्लबमध्येही सोबत सराव करत होती, हे लोक विसरतात.

टचलाइन_बाई

जुनी_मॅच दादांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते ती गोष्ट कळल्याशिवाय देशाँ कोच म्हणून कळणारच नाही. १७ नोव्हेंबर १९९३, पॅरिस, बल्गेरिया. १९९४ च्या वर्ल्ड कपला जायला फ्रान्सला घरच्या शेवटच्या दोन मॅचमधून फक्त एक पॉइंट हवा होता. आधी इस्रायलकडून २-३ हरले, तिथेही शेवटच्या मिनिटांत. मग बल्गेरियाबरोबर १-१ चालू होतं, ड्रॉ पुरेसा होता, मॅच जवळजवळ संपलेली, फ्री किक मिळाली कॉर्नरजवळ, बॉल तिथेच धरून ठेवायचा होता. जिनोलाने लांब क्रॉस मारला, कोणालाच मिळाला नाही, बल्गेरिया बॉल घेऊन सरळ पुढे आणि कोस्तादिनोव्हचा गोल. १-२. वर्ल्ड कप गेला.

देशाँ त्या दिवशी मैदानावर होता. आता तो कोच झाल्यावरच्या त्याच्या सगळ्या टीम बघा, १-० ला पुढे असताना त्या कशा खेळतात. लोक म्हणतात बोअरिंग. मला त्यात तो बल्गेरियाचा शेवटचा मिनिट दिसतो. हे माझं मत आहे, त्याने असं काही म्हटल्याचं मी सांगत नाहीये. पण २५ व्या वर्षी ज्याच्या डोळ्यासमोर असं झालं तो माणूस मॅच संपेपर्यंत मॅच संपली असं कधी मानणार नाही.

बाकावरचा_बारावा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. प्लेअर म्हणून मान्य, शंभर टक्के मान्य. पण कोच म्हणून मला वाटतं त्याला जितके प्लेअर मिळाले तितके इतिहासात कोणत्याच इंटरनॅशनल कोचला मिळाले नसतील. एम्बापे, ग्रीझमान, पोग्बा, कांते, बेन्झेमा, व्हरान... अशा टीमने बघणाऱ्याला आनंद द्यायला हवा ना? युरो २०२४ आठवा, सेमीफायनलपर्यंत फ्रान्सच्या नावावर किती गोल? तीन. त्यातले दोन समोरच्या टीमचे ओन गोल, एक ऑस्ट्रियाचा, एक बेल्जियमचा, आणि तिसरा पोलंडविरुद्ध एम्बापेची पेनल्टी. पोर्तुगालला शूटआउटमध्ये काढलं. सेमीमध्ये स्पेनविरुद्ध कोलो मुआनीने हेडर मारला तो पूर्ण स्पर्धेतला त्यांचा स्वतःचा खेळून केलेला पहिला गोल, आणि ती मॅच हरले २-१.

आणि युरो २०२० ची बुखारेस्टमधली स्वित्झर्लंड मॅच. एकदम तीन सेंटरबॅक (मधले डिफेंडर) घेऊन उतरला, लाँग्लेला मध्ये टाकलं, पंधराव्या मिनिटाला सेफेरोविचचा गोल, हाफ टाइमला लाँग्लेला काढावं लागलं. नंतर ३-१ ने पुढे होते आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. टचलाइन_बाईंचं म्हणणं खरं मानलं की तो शेवटचा मिनिट कधी विसरत नाही, तर मग बुखारेस्टमध्ये त्या दिवशी काय झालं? मला मनापासून त्रास झाला होता ती मॅच बघताना, इतकी सुंदर टीम होती ती.

टचलाइन_बाई

@बाकावरचा_बारावा स्वित्झर्लंडबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. फॉर्मेशन चुकली आणि ३-१ नंतर टीम ढिली पडली, दोन्ही त्याच्याच खात्यात. पण हेही बघा की त्यानंतर साडेतीन महिन्यांत त्याच टीमने मिलानला स्पेनला २-१ हरवून नेशन्स लीग जिंकली, तीन सेंटरबॅक घेऊनच. टीम मोडली नाही त्याने.

निळा_शर्ट

अरे वा, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. पण मला अजून एक कळत नाहीये, खेळणं थांबवलं आणि लगेच एवढा मोठा कोच कसा काय झाला? मधे कुठे असिस्टंट वगैरे होता का?

मोनॅको_०४

याची वाट बघत होतो! नाही, असिस्टंट वगैरे काही नाही. खेळाडू म्हणून शेवटची दोन वर्षं आधी चेल्सी, तिथे २००० चा एफए कप, मग व्हॅलेन्सिया, तिथे दुखापतींमुळे फार खेळला नाही, चॅम्पियन्स लीग फायनलला बाकावर होता. युरो २००० कॅप्टन म्हणून जिंकून त्याच वर्षी फ्रान्सच्या टीममधून बाजूला झाला होता. २००१ मध्ये ३२ व्या वर्षी खेळ थांबवला आणि त्याच उन्हाळ्यात थेट मोनॅकोचा हेड कोच.

आणि पहिला सीझन जड गेला. १५ वा नंबर. लोक म्हणायला लागले की मोठा प्लेअर होता म्हणून काय कोच होतो का. दुसऱ्या वर्षी दुसरा नंबर, लिऑनपेक्षा फक्त एक पॉइंट कमी, वर लीग कप. आणि तेवढ्यात क्लबवर इतकं कर्ज निघालं की फ्रेंच लीगच्या हिशेब तपासणाऱ्या मंडळाने मोनॅकोला खालच्या डिव्हिजनमध्ये टाकायचा निर्णय दिला, अपील केल्यावर वाचले. अशा अवस्थेत २००३-०४ सुरू झाला.

तो सीझन मी कधी विसरणार नाही. देपोर्तिवोला ८-३, हो ८-३, दादो प्रशोचे चार गोल. मग क्वार्टरफायनलला रियाल माद्रिद, झिदान, रोनाल्डो, फिगो, राऊल, बेकहम असलेलं माद्रिद. तिकडे ४-२ हरले. घरी राऊलने आधी गोल केला, म्हणजे आता तीन हवेत. हाफ टाइमच्या अगदी तोंडावर ज्युलीने १-१ केलं, हाफनंतर लगेच मोरिएंतेसचा हेडर, मग परत ज्युली, टाच लावून! ३-१, एकूण ५-५, पण बाहेरच्या मैदानावर मोनॅकोचे गोल जास्त म्हणून मोनॅको पुढे. आणि तो मोरिएंतेस कोणाचा? माद्रिदनेच मोनॅकोला लोनवर दिलेला. दोन्ही लेगमध्ये त्याने आपल्याच क्लबला गोल मारले.

सेमीला चेल्सी. १-१ असताना मोनॅकोचा झिकोस रेड कार्डवर बाहेर, दहा जण राहिले. इथे मला सांगा, सावध कोच काय करेल? ड्रॉ धरून बसेल ना? दहा जणांनी अजून दोन गोल मारले, मोरिएंतेस आणि नोंडा, ३-१. बाकावरचा_बारावा, तुम्हाला ही मॅच सापडली तर नक्की बघा, मग सांगा हा माणूस मुळातच भित्रा कोच आहे का.

फायनल पोर्तोकडून ३-० हरले, मोरिन्योची टीम, ज्युली तेविसाव्या मिनिटाला दुखापतीने बाहेर गेला आणि तिथेच मॅच हातातून निसटली असं मला आजही वाटतं. लेफ्टबॅकला तेव्हाचा पोरगेलासा एव्हरा होता, तो इथूनच वर आला.

बाकावरचा_बारावा

@मोनॅको_०४ ही मॅच बघितली नव्हती मी, शोधतो. पण मग प्रश्न अजून पक्का होतो, २००४ ला असा खेळणारा माणूस नंतर बदलला का?

जुनी_मॅच

माझं उत्तर सांगतो, पटलं तर घ्या. क्लबमध्ये तुझ्याकडे रोज सराव असतो, दहा महिने असतात. नॅशनल टीममध्ये वर्षातून मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात गुंतागुंतीचा अटॅक बसवता येत नाही, पण प्रत्येकाला आपली जागा आणि शेजाऱ्याची जागा शिकवता येते. म्हणून तो तिथे जागा शिकवतो.

मधल्या वर्षांबद्दल थोडक्यात. २००६ ला युव्हेंटस घोटाळ्यामुळे सेरी बी म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं तेव्हा तो कोच म्हणून तिथे गेला. बुफाँ, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे थांबले, पहिलीच मॅच रिमिनीशी १-१. नऊ पॉइंट कापलेले असूनही सेरी बी जिंकले, पण क्लबच्या मॅनेजमेंटशी जमलं नाही आणि वर जायचं नक्की झाल्या झाल्या त्याने राजीनामा दिला. मग २००९ ला मार्सेय, पहिल्याच सीझनला लीग टायटल, १८ वर्षांनी. १९९२ चं जे आधीचं टायटल होतं त्यातही हाच खेळला होता. वर तीन वर्षांत तीन लीग कप. शेवटच्या सीझनला मात्र लीगमध्ये दहावे आले, तेही सांगायला हवं.

२०१२ ला लोराँ ब्लाँकडून फ्रान्सची टीम घेतली. तेव्हाची हालत लक्षात घ्या, २०१० ला साउथ आफ्रिकेत प्लेअर्सनी प्रॅक्टिसवर बहिष्कार टाकला, बसमधून उतरलेच नाहीत, देशात लाज गेली, २०१२ लाही ड्रेसिंग रूमची भांडणं बाहेर. आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये प्लेऑफमध्ये कीव्हला युक्रेनकडून ०-२. चार दिवसांनी पॅरिसला परतीची मॅच. म्हणजे बल्गेरियानंतर बरोबर वीस वर्षांनी, नोव्हेंबरमध्येच, पुन्हा वर्ल्ड कप जायची वेळ. त्याने टीममध्ये पाच बदल केले, नस्रीला बाकावर बसवलं, काबायला आणून मधली फळी तिघांची केली, मागे व्हरान आणि साखो. ३-० जिंकले, त्यातले दोन गोल साखोने म्हणजे सेंटरबॅकने केले असं सगळे आजही सांगतात. आणि नस्रीला मग वर्ल्ड कपच्या टीममध्ये घेतलंच नाही. त्याच्यापेक्षा कमी कला असलेली माणसं ब्राझीलला गेली कारण ती बाकावर बसूनही तोंड वाकडं करणार नव्हती. इथे मला तो पाणक्या परत दिसतो. तो टीम निवडताना ११ बेस्ट प्लेअर निवडत नाही, एकमेकांसाठी पळतील अशी २३ माणसं निवडतो.

टचलाइन_बाई

आणि त्याची किंमतही त्याने मोजली. बेन्झेमाला २०१५ च्या ब्लॅकमेल प्रकरणानंतर साडेपाच वर्षं घेतलं नाही, घरच्या युरो २०१६ लाही नाही. त्या फायनलला पोर्तुगालकडून एक्स्ट्रा टाइममध्ये एदेरच्या गोलने हरले, तेव्हा बेन्झेमा असता तर, हे किती लोकांनी किती वेळा म्हटलं असेल. २०२१ ला त्याने स्वतःच त्याला परत बोलावलं. मला ते आवडलं होतं.

२०१८ बद्दल एक बारीकशी गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. मातुईदी हा मूळचा सेंट्रल मिडफिल्डर, त्याला डाव्या विंगवर टाकलं. उजवीकडे एम्बापेला मोकळं सोडायचं म्हणून डावीकडे पळणारा माणूस. जिरू पूर्ण स्पर्धा खेळला, एकही गोल नाही, शॉट ऑन टार्गेटसुद्धा नाही, तरी त्याला काढलं नाही कारण समोरचे दोन सेंटरबॅक तो एकटा अडकवून ठेवायचा आणि ग्रीझमानला जागा मिळायची. आता जुनी_मॅच दादांनी १९९८ च्या टीमबद्दल जे लिहिलं ते परत वाचा. झिदानसाठी तिघं पळायची. वीस वर्षांनी तीच टीम आहे ही, नावं बदललेली. त्या पूर्ण वर्ल्ड कपमध्ये फ्रान्स मागे किती वेळ होतं माहितीये? अर्जेंटिनाविरुद्ध २-१ असताना साधारण नऊ मिनिटं. तेवढीच. मग पाव्हारने तो बाहेरून व्हॉली मारला.

निळा_शर्ट

फायनलला कांतेला ५५ व्या मिनिटाला काढलं होतं ना? मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं, फ्रान्स २-१ ने पुढे आणि तुमचा बेस्ट बॉल हिसकावणारा माणूस बाहेर?

टचलाइन_बाई

हो! कांतेला यलो कार्ड होतं आणि त्या दिवशी तो नेहमीचा कांते नव्हताच, क्रोएशिया मधून सारखं येत होतं. एन्झोन्झीला आणलं, उंच, शांत. चार मिनिटांनी पोग्बाचा गोल, त्यानंतर सहा मिनिटांनी एम्बापेचा. तू स्वतः ज्या जागेवर खेळलास, त्या जागेवरच्या माणसाला वर्ल्ड कप फायनलमध्ये काढायचं, हे ती जागा आतून माहीत असलेल्यालाच सुचतं.

बाकावरचा_बारावा

ठीक, आता मीच त्याच्या बाजूने एक सांगतो. २०२२ ची फायनल. अर्जेंटिना २-० ने पुढे, ४१ व्या मिनिटाला त्याने जिरू आणि डेंबेलेला काढलं. हाफ टाइमपर्यंतही थांबला नाही. कोलो मुआनी आणि थुराम आत. मी तेव्हा ओरडलो होतो की हा काय वेडेपणा. पण ८० व्या मिनिटाला पेनल्टी कोणी मिळवली? कोलो मुआनीने. पुढच्याच मिनिटाला एम्बापेच्या व्हॉलीला पास कोणाचा? थुरामचा. त्या आधी ७० मिनिटं फ्रान्सचा एक धड शॉट नव्हता हेही खरं, पण ती मॅच ३-३ पर्यंत नेली ती या बदलांनीच. शेवटच्या सेकंदांना कोलो मुआनी एकटा समोर होता आणि गोलकीपर मार्तिनेझने पाय लांब करून अडवला. तो बॉल आत गेला असता तर तीन वर्ल्ड कप झाले असते या माणसाचे, एक खेळून दोन कोच म्हणून. आत्ता एक आणि एक आहे, आणि खेळाडू व कोच दोन्ही म्हणून जिंकणारे त्याच्याआधी फक्त झागालो आणि बेकेनबाउअर.

अजूनही म्हणतो, फ्रान्सने जास्त मोकळं खेळायला हवं होतं. पण नशीबवान होता असं मी आता म्हणणार नाही. जानेवारी २०२५ ला त्याने २०२६ नंतर थांबणार सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, याचं मलाच नवल वाटलं.

जुनी_मॅच

@निळा_शर्ट तुला एक काम देतो. १९९८ ची फायनल पूर्ण शोध, हायलाइट्स नको. आणि बॉलकडे बघू नकोस, फक्त ७ नंबरकडे बघ. विशेषतः ६८ व्या मिनिटानंतर, देसायीला रेड कार्ड मिळतं, ब्लाँ आधीच सस्पेंड होता म्हणून लबफ खेळतोय, आता पेटी मागे सेंटरबॅकला जातो. कारंबो तर आधीच बाहेर गेलेला. म्हणजे मधल्या तिघांतला हा एकटाच आपल्या जागेवर उरतो, तोही दहा जणांत.

निळा_शर्ट

आत्ताच बघून झाली, सरळ इथे लिहायला आलो. दादा, खरं सांगतो, पहिली वीस मिनिटं फार अवघड गेली, डोळे आपोआप झिदानकडे जातात. मग सवय झाली. तो बॉलकडे जाण्याआधी दरवेळी मान वळवून मागे बघतो, हे एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसतच नाही. रेड कार्डनंतर लगेच तो हात करून सगळ्यांना जागा दाखवतोय, स्कोअर २-० आहे, वर्ल्ड कप वीस मिनिटांवर आहे आणि चेहऱ्यावर एक रेष हललेली नाही. ९० मिनिटं झाली तरी तसाच. पेटीचा तिसरा गोल झाला तेव्हा कुठे तो सुटला.

आता मोनॅको-चेल्सी शोधतोय, कोणाकडे पूर्ण मॅच असेल तर कळवा.